आधी दोरी, मग खरेदी : पिरियड पँटी पहिल्यांदाच वापरणार असाल तर

पिरियड पँटी, म्हणजे पाळीचं रक्त स्वतःच शोषून घेणारी, धुऊन पुन्हा वापरायची निकर, घ्यायची ठरली की आपण मोबाइल उघडून साइझ आणि रंग बघायला लागतो. त्याआधी घरात एक चक्कर मारा. धुतलेली पँटी कुठे वाळणार? गॅलरीतल्या दोरीवर, गच्चीवर, की न्हाणीघरातल्या खुंटीला? तिथे वारा येतो का? मी चिपळूणला राहते आणि चार वर्षं याच पँटी वापरते आहे. माझ्या ओळखीतल्या ज्या बायकांनी त्या मध्येच सोडल्या, त्यातल्या बहुतेकींचं घोडं वाळवण्यापाशी अडलं होतं. घालायला कुणालाच जड गेलं नाही.

साध्या निकरसारखं हे एकेरी कापड नसतं. मधल्या पट्टीत तीन-चार थर एकावर एक शिवलेले असतात. मे महिन्याच्या उन्हात आमच्याकडे ती सकाळी घातली की दुपारच्या चहापर्यंत खडखडीत होते. जुलैत तिलाच दोन दिवस लागतात, झड लागली तर तीन. आणि अर्धवट ओली पँटी अंगात घातली की जांघेत खाज, बुरशी आणि कुबट वास ठरलेला. म्हणून पहिली पायरी ही : उजेड आणि वारा असलेली, तुमच्या हक्काची हातभर दोरी. ऊन मिळालं तर फारच छान. पंख्याखालची जागाही चालेल. पलंगाखाली, कपाटामागे किंवा दुसऱ्या कपड्याच्या आड दडपून मात्र नको.

माझ्या सासूबाई घडी घ्यायच्या. जुन्या सुती लुगड्याच्या घड्या धुऊन माळ्यावर, अंधारात वाळत घालायच्या, घरातल्या पुरुषांच्या नजरेला पडू नयेत म्हणून. पावसाळ्यात त्या कधी पुऱ्या वाळायच्याच नाहीत, तशाच ओलसर घ्याव्या लागायच्या आणि मांड्या सोलवटून निघायच्या, असं त्या सांगतात. त्या कापडात काही खोट नव्हती. त्याला ऊन मिळू दिलं नाही. आपल्याला एक मोठी सोय आहे : पिरियड पँटी दोरीवर अगदी साध्या काळ्या निकरसारखी दिसते. कुणाला ओळखूही येत नाही. तेव्हा ती उन्हात घाला.

एकाच नावाच्या तीन वस्तू

खरेदीत सगळ्यात मोठी फसगत इथे होते, आणि ती माझीही झाली. दुकानांत आणि ऑनलाइन 'पिरियड पँटी' या एकाच नावाखाली तीन वेगवेगळ्या वस्तू मिळतात.

एक, वापरून फेकायची. लहान मुलांच्या डायपरसारखी. बाळंतपणानंतर किंवा लांबच्या प्रवासात ती उपयोगी पडते, पण आपण बोलतोय ती ही नव्हे.

दुसरी, नुसती 'लीकप्रूफ' पँटी. हिच्यात पाणी न झिरपणारा थर असतो, पण शोषणारा थर जवळजवळ नसतो. पॅड लावायचा, आणि पॅडच्या बाहेर काही गेलं तर कपड्याला डाग लागू नये, एवढंच तिचं काम. मी पहिल्यांदा आणली ती हीच. पाकिटावरची बारीक अक्षरं वाचलीच नाहीत. पाळीच्या दुसऱ्या दिवशी पॅडशिवाय घालून गुहागरच्या एसटीत बसले. शोषायला काही नसल्यामुळे सगळं मांडीच्या कडेने बाहेर आलं. फिकट निळा सलवार होता. उतरताना ओढणी कमरेला बांधून उतरले, आणि पुढचे सहा महिने या वस्तूचं नाव घेतलं नाही.

तिसरी खरी : शोषून घेणारी, धुऊन पुन्हा वापरायची. हिच्या वर्णनात दोन गोष्टी असल्याच पाहिजेत. शोषक थर आहे असं स्पष्ट लिहिलेलं हवं, आणि किती शोषते ते मिलिलिटरमध्ये किंवा निदान 'कमी, मध्यम, जास्त' असं दिलेलं हवं. 'पॅडसोबत वापरा' असं कुठे लिहिलेलं दिसलं तर ती दुसऱ्या प्रकारची, हे समजून जा.

तिच्या थरांचं काम साधं आहे. अंगाला लागतो तो थर ओल खाली ओढतो. मधला जाड थर, बहुधा सुती, बांबू व्हिस्कोस किंवा मायक्रोफायबरचा, ती धरून ठेवतो. त्याखाली पीयूएल, म्हणजे पॉलियुरेथेनचा पातळ लेप दिलेलं कापड. हेच गळती अडवतं. सगळ्यात बाहेर नेहमीच्या निकरचं कापड. धुण्याचे पुढचे सगळे नियम त्या पीयूएलला जपण्यासाठी आहेत.

भारतीय मानक ब्युरोने २०२१ मध्ये आयएस १७५१४ हे मानक काढलं. पुन्हा वापरायचे पॅड आणि पिरियड पँटी दोन्ही त्यात येतात. पाकिटावर हा आकडा दिसला तर चांगलंच. दुसरी विचारायची गोष्ट पीएफएएसची. कापडाला पाणी आणि डाग चिकटू नयेत म्हणून वापरली जाणारी ही रसायनं निसर्गात लवकर विघटित होत नाहीत. अमेरिकेत थिंक्स या कंपनीवर याच मुद्द्यावरून ग्राहकांनी दावा केला होता आणि २०२३ मध्ये चूक मान्य न करता कंपनीने तडजोड केली. कापडात पीएफएएस आणि (जंतू नि वास मारायला घालतात ते) चांदीचे सूक्ष्म कण आहेत का, असं विक्रेत्याला लिहून विचारा. सरळ उत्तर मिळालं नाही तर मी ती घेत नाही.

माप

कमरेपेक्षा मांडीचा घेर महत्त्वाचा. जांघेजवळ इलॅस्टिक सैल असेल तर कितीही शोषणारी पँटी बाजूने गळणारच. शिंप्याकडची टेप घ्या, मांडीचा घेर आणि नितंबांचा सगळ्यात रुंद भाग मोजा आणि कंपनीच्या तक्त्याशी ताडून बघा. नेहमीच्या निकरच्या नंबरवर जाऊ नका. घातल्यावर उकिडवं बसून बघा, झाडून काढताना वाकतो तसं वाकून बघा. कड अंगापासून सुटत असेल तर माप मोठं झालं. वळ उठत असतील तर लहान. रात्रीसाठी मात्र शोषक पट्टी मागे कमरेपर्यंत गेलेलीच घ्या, कारण आडवं झाल्यावर प्रवाह मागे सरकतो.

शिवाय, नोकरीच्या ठिकाणी बदलायची वेळ येणार असेल तर बाजूला हुक असलेला प्रकार शोधा. साडीत काही अडत नाही. पण जीन्स किंवा लेगिंग घातली असेल तर निकर बदलण्यासाठी ती पूर्ण काढावी लागते, आणि एसटी स्टँडच्या ओल्या फरशीवर ते किती अवघड असतं ते ज्यांनी केलंय त्यांना विचारा. हुकवाली पँटी पँट गुडघ्यापर्यंत खाली करूनही बदलता येते.

किती घ्यायच्या, आणि पैसे वाचतात का

पाळीच्या सगळ्या दिवसांत मिळून साधारण ३० ते ४० मिलिलिटर रक्त जातं. म्हणजे सहा ते आठ चहाचे चमचे. त्यासोबत इतर स्रावही असतो, म्हणून अंगावरून जातं त्यापेक्षा बरंच जास्त गेल्यासारखं वाटतं. पण हे काही पाच दिवसांत सारखं विभागलेलं नसतं. पहिल्या दोन दिवसांतच बहुतेक जातं. त्यामुळे 'जास्त' शोषणाऱ्या दोन-तीन आणि 'मध्यम' दोन-तीन असं मिश्रण लागतं.

पण एकदम सहा मागवू नका. आधी दोनच घ्या, एक मध्यम आणि एक रात्रीची. दोन-तीन पाळ्या त्यांच्यावर काढा, उरलेल्या वेळी तुमचे नेहमीचे पॅड आहेतच. कंपनी, कापड, माप जमलं की मग वाढवा. माझ्याकडे सहा आहेत. उन्हाळ्यात चारांत भागतं, पावसाळ्यात सहाही कमी पडतात.

आता हिशेब. मी घेतल्या त्या ५०० ते ८०० रुपयांना एक पडल्या. सहा म्हणजे साधारण चार हजार. पॅडला माझे महिन्याला दीडशे जात, म्हणजे दोन वर्षांचे ३,६०० रुपये. पँटी नीट जपली तर दोन-अडीच वर्षं जाते. तेव्हा मोठी बचत होते असं मी कुणाला सांगणार नाही. पैसे वाचवणं हाच हेतू असेल तर कापडी पॅड किंवा मेन्स्ट्रुअल कप (योनीत बसवून रक्त गोळा करणारा, पुन्हा वापरायचा छोटा कप) जास्त स्वस्त पडतो.

मी वळले ते कचऱ्यामुळे. आमच्या वाडीत बायका वापरलेले पॅड परसात पालापाचोळ्यासोबत जाळायच्या आणि जळत्या प्लॅस्टिकचा तो वास अंगणभर व्हायचा. शहरात तो कचरा कुणीतरी हातानेच वेगळा करतं. पुण्यात 'स्वच्छ' संस्थेच्या कचरावेचक महिला म्हणून सांगतात की पॅड कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढा, निदान उघडून बघावं लागू नये. ते वाचल्यापासून माझ्या मनातून तो विषय जात नव्हता.

पहिली पाळी येण्याआधी

नवी पँटी आणली की दोनदा धुऊन वाळवा. नव्या कापडावर कारखान्यातला गुळगुळीतपणा असतो, पाणी त्यावरून ओघळतं. धुतल्यावर ते मुरायला लागतं. मग एक चाचणी करा. न्हाणीघरात पँटी पसरा, मधल्या पट्टीवर चहाच्या चमच्याने हळूहळू पाणी सोडा, दोन चमचे म्हणजे १० मिलिलिटर. दोन मिनिटं थांबा. खालच्या बाजूला टिश्यू पेपर दाबून धरा. तो कोरडा निघाला, वरचा थर हाताला फार ओला लागला नाही, की झालं. आणखी दोन चमचे घालून बघायला हरकत नाही. रक्त पाण्यापेक्षा घट्ट असतं, त्यामुळे हा अंदाजच आहे, पण नुसती लीकप्रूफ पँटी गळ्यात पडली असेल तर ती इथे लगेच उघडी पडते.

पहिले काही महिने

सुरुवात शेवटापासून करा. चौथ्या-पाचव्या दिवशी, अंगावरून कमी जात असताना, घरी असताना घाला. नेहमीच्या निकरसारखी घालायची, वेगळं काही नाही. पहिल्या तासात सारखं जाऊन बघावंसं वाटेल, बघा. ओलावा जाणवतो का, तेही बघा. थोडा जाणवणं साहजिक आहे, पण चिकचिक होता कामा नये.

पुढच्या पाळीला एक रात्र. जुनी चादर घाला, खाली टॉवेल पसरा. सकाळी टॉवेल कोरडा निघाला की अर्धी भीती तिथेच जाते.

मग सुट्टीच्या दिवशी, घरातच, पाळीचा दुसरा दिवस. इथेच कळतं की तुमची पँटी खरंच किती तास टिकते. पाकिटावर १२ तास लिहिलेलं असतं, ते जास्तीत जास्त. जास्त जात असेल तर मी चार-पाच तासांनी बदलते आणि बाकीच्या दिवशी सात-आठ तासांनी. घाम आणि ओल दोन्ही असलेल्या आपल्या हवेत याहून जास्त वेळ ठेवू नये असं माझं मत आहे. कप वापरत असाल तर जास्त जाण्याच्या दिवशी कप आणि पँटी ही जोडी फार निर्धास्त ठेवते. पँटीवर चिकटवायचा पॅड मात्र रोज लावू नका. त्याचा गोंद वरच्या थरावर बसतो आणि कापड शोषेनासं होतं.

हे तिन्ही जमल्यावरच बाहेर. आधी अर्धा दिवस, मग पूर्ण दिवस. माझी बहीण डोंबिवलीहून रोज लोकलने जाते. तिने पँटी वापरायला लागल्यापासून सहाव्या महिन्यात, पाळीच्या दुसऱ्या दिवशी ऑफिसला घालून जायचं धाडस केलं, तोवर नाही. ते बरोबरच केलं.

बाहेर जाताना पर्समध्ये एक धुतलेली पँटी आणि एक चेनवाली जलरोधक पिशवी ठेवा. वापरलेली पँटी कमरपट्टीकडून आत गुंडाळायची, घट्ट वळकटी करायची आणि पिशवीत टाकायची. संध्याकाळपर्यंत वास येत नाही, पण घरी गेल्या गेल्या काढायची. माझी एकदा पिशवीतच दोन दिवस राहिली. ती पुन्हा अंगाला लावण्याजोगी झालीच नाही.

धुणं

इथे सावकाश वाचा, कारण आपल्या हाताला कपडे धुण्याच्या ज्या सवयी लागल्यात त्यातल्या अर्ध्या इथे सोडायच्या आहेत.

काढल्याबरोबर नळाच्या गार पाण्याखाली धरा. गरम पाण्याने रक्तातलं प्रथिन कापडात घट्ट बसतं आणि डाग कायमचा होतो. मधली पट्टी तळव्याने दाबायची, सोडायची, पुन्हा दाबायची. आधी लाल, मग गुलाबी, मग निवळ पाणी येईल. निवळ येईपर्यंत दाबत राहा. या एका पायरीत कंटाळा केला तर पुढचं सगळं फुकट जातं. लगेच धुणं शक्य नसेल तर गार पाण्यात अर्धा तास भिजवा, रात्रभर नको.

मग साबण. द्रव डिटर्जंट अर्धा चमचा एका पँटीला पुष्कळ झाला. वडीचा साबण घासू नका, तो थरांत अडकून बसतो. ब्रश नको, दगडावर आपटणं नको, ब्लीच नको. कपडे मऊ करणारं कंडिशनर तर मुळीच नको. ते धाग्यांवर लेप चढवतं आणि पँटी पाणी पिणं बंद करते. जंतू मरावेत म्हणून अँटिसेप्टिक घालायची आपल्याकडे फार सवय आहे. त्याची गरज नाही, आणि नाजूक कातडीला ते झोंबतं. कोमटापेक्षा गरम पाणी आणि इस्त्रीही नाही. दोन्हींनी पीयूएलचा लेप सुटतो. मशीन असेल तर हाताने रक्त काढून झाल्यावर जाळीच्या पिशवीत घालून गार पाण्यावर, हळुवार फेरीत, घरातल्या बाकीच्या कपड्यांसोबत खुशाल टाका.

शेवटी फेस पूर्ण जाईपर्यंत खळबळा. तुमच्याकडे बोअरचं जड पाणी असेल तर एक खळबळणी जास्त. माझी जाऊ लातूरला असते. तिला दोन महिन्यांत खाज सुरू झाली आणि तिने पँटीलाच दोष दिला. आत साबण साचला होता. मग ती शेवटचं पाणी साठवलेल्या पावसाच्या किंवा फिल्टरच्या पाण्याचं घ्यायला लागली आणि खाज थांबली. धुऊनही वास राहत असेल तर अर्ध्या बादली गार पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून वीस मिनिटं ठेवा आणि भरपूर पाण्यात काढा.

पिळा देऊ नका. तळहातांत दाबून पाणी काढा. मग कोरड्या पंचात ठेवून वळकटी करा आणि तिच्यावर गुडघा टेकून दाबा. पंचा ओलाचिंब होतो आणि वाळायचा अर्धा वेळ वाचतो. दोरीवर उलटी करून, शोषक पट्टी उन्हाकडे किंवा वाऱ्याकडे, कमरपट्टीला दोन चिमटे लावून लटकवा. घडी घालून टाकली तर मधला थर आठवडाभर ओला राहील.

कोरडी झाली का, हे हाताने कळत नाही. वरचा थर आधी वाळतो आणि फसवतो. मधली पट्टी गालाला लावा. गार लागली तर आत ओल आहे.

पावसाळा आणि पाणी नसण्याचे दिवस

झडीच्या दिवसांत पंचाची वळकटी दोनदा करायची, दोन कोरड्या पंच्यांत. मग रात्रभर पंख्याखाली. फ्रीजच्या मागे किंवा चुलीवर वाळत घालायचा मोह होतो. चुलीच्या धगीने एकीचा लेप सुरकुतला होता माझ्याकडे. आता पंख्यावरच भागवते. आणि इतकं करूनही कोरडी मिळाली नाही तर त्या दिवशी पॅड घ्या. त्यात हरल्यासारखं काही नाही.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं, त्यानंतर कितीतरी दिवस घरांत प्यायला धड पाणी नव्हतं, धुणं कुठलं करणार! तेव्हा मी पॅडवरच होते आणि कुणीतरी ट्रकमधून वाटलेली दोन पाकिटं मिळाली म्हणून निभावलं. आज सहा पँटी असूनही कपाटात पॅडचं एक न उघडलेलं पाकीट ठेवते. टँकरवर दिवस काढणाऱ्या गावांतल्या मैत्रिणींना तर मी आधी पाण्याचा हिशेब करायला सांगते. एका पँटीला चार-पाच लिटर सहज लागतं.

मुलींसाठी

नुकती पाळी सुरू झालेल्या मुलींना ही वस्तू मला सगळ्यात जास्त सोयीची वाटते. पहिली एक-दोन वर्षं तारखेचा भरवसा नसतो. माझी भाची नववीत आहे. पोटात दुखायला लागलं, येईल असं वाटलं, की ती सकाळीच घालून शाळेत जाते. आली तर आली, नाही तर निकरच आहे. पण मुलीला पहिल्या दिवसापासून स्वतःची पँटी स्वतःच धुवायला शिकवा, आणि शिकवताना आवाज खाली करू नका.

थांबून डॉक्टरांकडे कधी

शोषून घेणारी पँटी दर तास-दोन तासांनी भरत असेल, मोठ्या गाठी पडत असतील, पाळी सात दिवसांपुढे जात असेल, तर आणखी जाड पँटी शोधत बसू नका. एका पाळीत ८० मिलिलिटरपेक्षा जास्त रक्त जाणं हे अतिस्राव समजलं जातं. स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा आणि हिमोग्लोबिन तपासा. गरोदर नसलेल्या बाईचं १२ च्या खाली असेल तर तो रक्तक्षय. खाज, पुरळ किंवा पांढऱ्या स्रावाला वास आला तरी दाखवा. तोवर साधी सुती निकर वापरा.

टाकायची कधी

डाग राहिला म्हणून टाकू नका, काळ्या कापडावरही सावली उरतेच. कमरपट्टी ढिली पडली, उजेडाकडे धरल्यावर पीयूएलला तडे दिसले, किंवा चमच्याची चाचणी पुन्हा केल्यावर टिश्यू ओला झाला, की तिचं आयुष्य संपलं. त्यात कृत्रिम धागा आणि प्लॅस्टिकचा लेप असतो, त्यामुळे खतात टाकता येत नाही आणि जाळायचीही नाही. स्वच्छ धुऊन वाळवा, मग सुक्या कचऱ्यात द्या. मी नवीन घेताना एका वेळी एकच घेते आणि तिला आधी दोनदा धुऊन, चमच्याने पाणी घालून बघते, चौथ्या वर्षीही.